कर्ण्यावर वाचलेली चिठ्ठी

कोल्हापूर, सोमवार सकाळ

ज्या गावाबद्दल हे लिहिते आहे त्याचं नाव मी लिहिणार नाही. गडहिंग्लजच्या पुढं, कर्नाटकच्या सीमेच्या अलीकडं, एवढं पुरे. तिथं माझ्या हातून जे झालं ते लपवायचं म्हणून नव्हे. त्या गावातल्या बायकांचं घरातलं मी एकदा चव्हाट्यावर आणलं, आता छापून पुन्हा आणायचं नाही, एवढ्यासाठी. माणसांची नावंही बदलली आहेत.

मी कोल्हापुरात विधी महाविद्यालयात फौजदारी कायदा शिकवते. कोर्टात वकील म्हणून एक दिवस उभी राहिलेली नाही, तरी खेड्यात गेलं की मी वकीलबाईच. बारा वर्षं वर्गात कलमं शिकवून झाल्यावर माझ्या मनानं घेतलं, की नवऱ्यानं किंवा सासरच्यांनी छळ केला तर तो गुन्हा आहे हे माझ्या वर्गातल्या पोरांना तोंडपाठ आहे आणि जिला मार बसतो तिला त्याचा पत्ताच नाही. तेव्हापासून सुट्टी मिळाली की मी गावोगाव बायकांची शिबिरं घेत फिरते. हा दौरा नव्याण्णव सालच्या जानेवारीतला. संक्रांत आठवड्यावर आली होती. घरगुती हिंसाचाराचा वेगळा कायदा यायला अजून बरीच वर्षं होती. हाताशी होतं ते फौजदारीचं एक कलम, आणि त्याची वाट थेट पोलीस ठाण्यातनं जायची.

माझा स्वभाव काळजीचा. दाराला कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत गेले की परत येऊन ते ओढून बघते. आमचे हे म्हणतात, "तुला काळजीला काही मिळालं नाही तर तू त्याचीच काळजी करतेस." त्या सकाळीही एस्टी चुकेल, पत्रकं पिशवीत चुरगळतील, बायका येणार नाहीत, आल्या तर हसतील, मला पित्त होईल, असं सगळं क्रमानं करून झालं. जिची करायला हवी होती ती एक गोष्ट मात्र डोक्यात आली नाही.

ती सांगण्याआधी माझी पद्धत सांगायला हवी. भर सभेत उठून कुठलीच बाई "मला नवरा मारतो" असं म्हणत नाही. म्हणून मी एक स्टीलचा डबा बरोबर नेत असे. बायकांनी नाव न घालता चिठ्ठी लिहायची आणि डब्यात टाकायची. जिला लिहिता येत नाही तिनं शेजारणीकडून, नाहीतर लेकीकडून लिहून घ्यायची. मग मी एकेक चिठ्ठी उघडून मोठ्यानं वाचायची आणि उत्तर द्यायचं. ही मोठ्यानं वाचायची खोड वर्गातली. आमच्या परीक्षेच्या प्रश्नात एक हकीकत दिलेली असते, अमक्यानं तमक्याला काय केलं याची. मी पोरांना सांगते, आधी हकीकत नीट मोठ्यानं वाचा, एकही तपशील गाळू नका, मग कायदा लावा. दार लावून घेतलेल्या शाळेच्या खोलीत, तीस-चाळीस बायकांत ही पद्धत फार चांगली चालायची. दुसरीची चिठ्ठी ऐकून बायकांना धीर यायचा.

गडहिंग्लज, सोमवार दुपार

कोल्हापूरहून गडहिंग्लजला जाणारी एस्टी मधेच महाराष्ट्र सोडते. निपाणी आली की दुकानांवरच्या पाट्या कानडी होतात, संकेश्वर मागं पडलं की थोड्या वेळात पुन्हा मराठी. मला दर वेळी उगीच वाटत राहतं, की मधल्या पट्ट्यात गाडीत काही झालं तर तक्रार कुठल्या राज्यात करायची. फौजदारी कायदा दोन्हीकडं एकच आहे हे मीच शिकवते, तरी वाटतं.

जानेवारीत गडहिंग्लजला उतरलं की स्वागताला आधी शिंक येते. मिरचीचा हंगाम. बाजारात लाल मिरचीची पोती उघडी पडलेली, हमाल तोंडाला फडकी बांधून फिरत होते आणि नव्यानं आलेलं माणूस कोण हे शिंकांवरून कळत होतं. मी नाकाला पदर लावून उभी असताना मागून आवाज आला, "शिंका, शिंका. गावात येईस्तवर थांबतील."

ही शेवंताताई. ज्या गावात जायचं होतं तिथली अंगणवाडीची बाई. पन्नाशीची, उंच, चपला फटक फटक वाजवत चालणारी. शिबिर तिनंच ठरवलं होतं, आणि मला न्यायला गावातनं बारा-तेरा किलोमीटर आली होती. तिच्याबरोबर वडापनं निघालो. परगावच्या वाचकांसाठी सांगते, वडाप म्हणजे माणसं भरून नेणारी जीप. भरली असं आपल्याला वाटतं त्यानंतर तीत आणखी सहा माणसं बसतात.

शेवंताताईचं घर बौद्धवाड्यात. मी मूळची गडमुडशिंगीची, आमचंही घर तसल्याच वस्तीतलं, त्यामुळं तिच्या सोप्यात बसल्यावर मला माहेरी आल्यासारखं झालं. फरक एवढाच, की आमच्याकडं पाहुण्याला आधी पाण्याचा तांब्या देतात, तिकडं गुळाचा खडा पुढं ठेवून मग पाणी देतात. नुसतं पाणी दिलं तर पाहुण्याचा मान राहत नाही. जेवायला जोंधळ्याची भाकरी, शेंगदाणे घालून केलेला हिरव्या मिरचीचा खरडा, वर दही. खरड्याचा पहिला घास घेतला आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"चिमणीगत काय खातासा बाई? भाषणाला जोर कुठनं यायचा?" शेवंताताईनं आणखी अर्धी भाकरी ताटात टाकली.

त्याच गावात, सोमवारी तीन वाजता

सभा देवळाच्या मंडपात होती. पायऱ्या चढताना मी जरा थबकले. माझ्या आईच्या पिढीला असल्या पायऱ्या चढता आलेल्या नाहीत, आणि ते पायांना अजून आठवतं. पण सरपंच स्वतः सामोरे आले. धोतर-टोपीतला, मोठ्या आवाजाचा माणूस. त्यांनी हौसेनं वर बोट दाखवलं. मंडपाच्या खांबाला कर्णा बांधला होता, गावाकडं तोंड करून.

"निम्म्या बायकांस्नी घरातनं सोडत न्हाईत, बाई," सरपंच म्हणाले. "म्हटलं, येणार न्हाईत त्यांनी चुलीपुढं बसून ऐकावं. कायदा घरात गेला पायजे. व्हय का न्हाय?"

मला हे इतकं पटलं की मी त्यांचे दोनदा आभार मानले. एवढी वर्षं मी हेच म्हणत होते, की ज्यांना गरज आहे त्याच बायका शिबिराला येत नाहीत. या माणसानं एका कर्ण्यात प्रश्न सोडवला होता. कर्णा बिघडेल, वीज जाईल, माझा आवाज चिरका येईल, याची काळजी मात्र मी मनापासून केली.

वीज गेली नाही. आवाजही छान आला. साठ-सत्तर बायका होत्या. आधी पदरात तोंड घालून बसल्या, मग हळूहळू सैल झाल्या. डब्यात नऊ चिठ्ठ्या आल्या. बहुतेक जमिनीच्या, वारसाच्या, रेशनकार्डावरच्या नावाच्या. सहावी उघडली. वहीचा चतकोर कागद, पेन्सिलीचं अक्षर. मी नेहमीसारखी, एकही तपशील न गाळता, माईकसमोर वाचली:

"जेवणात केस निघाला म्हणून मालकानं हात पिरगाळला. बोट मोडलं. दवाखान्यात म्हशीनं दावं वढलं म्हणून सांगितलं. दोन पोरं हायती. म्हायेरी कोण न्हाय. काय करू."

मंडप गप्प झाला. मला वाटलं, मनाला भिडलं. मग मी वीस मिनिटं बोलले. हा गुन्हा कसा आहे, तक्रार कुठं द्यायची, दवाखान्यात खरं सांगणं का महत्त्वाचं, डॉक्टरच्या कागदाला किती वजन असतं. आजवर इतकं चांगलं बोलले नव्हते. सरपंचांनी नारळ दिला. चहा झाला. मी त्या दिवशी शेवंताताईच्या सोप्यात निवांत झोपले. माझ्यासारखीला निवांत झोप लागली, तेव्हाच शंका यायला हवी होती.

सीमेजवळचं गाव, मंगळवार सकाळ

दुसरं शिबिर पलीकडच्या गावात होतं. वाटेनं गेलं तर वडापनं पाऊण तास, पण मधला ओढा आणि माळ ओलांडून सरळ गेलं तर जेमतेम दीड मैल. हे मला नंतर कळलं. इथली बोली मराठीच, पण मोठ्या बहिणीला अक्का, आईला अव्वा, आणि वाक्य वर चढवून संपवायचं. मलाही लगेच अक्का केलं. ज्यांच्या घरी उतरले त्या गौरव्वा सत्तरीच्या, कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, दात एकही नाही. त्यांनी खपली गव्हाची खीर केली होती. तिकडं तिला हुग्गी म्हणतात. आमच्याकडं खीर वाटीत वाढतात, इथं ताटात ओगराळ्यानं ओततात आणि वर तुपाची धार सोडतात. दुसरं ओगराळं नको म्हणायला मी हात आडवा धरला, तर त्यांनी तो बाजूला करून वाढलंच.

मी खात होते आणि गौरव्वा समोर बसून माझ्याकडं निरखून बघत होत्या. मग म्हणाल्या, "काल बोलत हुतीस ती तूच न्हवं, अक्का? आवाज त्योच हाय."

"तुम्ही आला होता तिकडं?"

"न्हाई गं. शेंगा येचत हुतो आम्ही शेतात. वारं हिकडचं हुतं. सगळं ऐकाय आलं." मग पुढं वाकून, अगदी आपुलकीनं, "म्हशीनं बोट मोडलं म्हणणारी कोण गं ती?"

सून चुलीपाशी होती. ती मागं न बघता म्हणाली, "कोण का असंना. तिच्या मालकानं बी ऐकलं असंल की."

माझ्या हातातला घास ताटात पडला. दीड मैलावर शेंगा वेचणाऱ्या म्हातारीला ऐकू गेलं. मग त्या गावातल्या त्या घरात, त्या चुलीपुढं, त्या माणसाला किती स्वच्छ ऐकू गेलं असेल. नाव नव्हतं, पण जेवणातला केस होता, मोडलेलं बोट होतं, म्हैस होती, दोन पोरं होती. एवढं सांगितल्यावर नाव आणखी वेगळं कशाला लागतं? वर्गात मीच नाही का सांगत, तपशिलात सगळं असतं म्हणून. तिनं नाव लपवून विश्वासानं माझ्या डब्यात टाकलेली गोष्ट मी तिच्या नवऱ्याला कर्ण्यावरनं वाचून दाखवली होती. आणि त्याला आता अख्खी रात्र उलटून गेली होती.

मला त्या वेळी फार भीती वाटली. कोर्टाच्या निकालपत्रांत बायका जळतात, विहिरीत सापडतात, ते सगळे निकाल मी शिकवलेले आहेत. ते एकामागून एक डोळ्यांपुढं यायला लागले.

शिबिर मी अर्ध्या तासात उरकलं. डबा उघडलाच नाही. गौरव्वांना मी परत निघाले असं सांगितलं, तर त्यांनी कारण विचारलं नाही, फक्त ओटीत गुळाचा खडा घातला. वडाप चौकात उभं होतं, आत चार माणसं. ड्रायव्हर टपावर पाय सोडून बसला होता.

"कधी सुटणार?"

"भरलं की."

"मला फार घाई आहे हो. बाईमाणसाच्या जिवाचा प्रश्न आहे."

तो खाली उतरला, माझ्याकडं बघितलं, आणि आरडून आरडून माणसं बोलवायला लागला. त्यानं केलं ते माझ्यासाठीच केलं, पण तासभर गेलाच. त्या तासात मी पिशवीचा बंद ओढून ओढून तोडला.

पुन्हा पहिल्या गावात, मंगळवार दुपार

शेवंताताई अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढत होती. मी दारातच सगळं सांगून टाकलं. तिनं पळी पातेल्यात ठेवली.

"मी बी तितंच बसलो हुतो की, बाई," ती म्हणाली. "मला तरी कुठं सुचलं? कर्णा बगून मला बी बरंच वाटलं."

दोष वाटून घेतल्यानं माझा काही कमी होणार नव्हता, पण तेवढ्यापुरता दम आला. मी म्हटलं, दवाखान्यात जाऊ, बोट मोडलेली बाई कोण ते विचारू. तिनं मान हलवली. मग म्हटलं, सरपंचांना विचारू. तर तिनं मला खाली बसवलं.

"हिंडून कुणाला इचारू नगा. आणि दारोदार तर जाऊच नगा. तुम्ही आज ज्या दारात जाशीला, त्या दाराची चिठ्ठी ठरंल. गाव टपूनच बसलंय."

हे मला कुठल्याही पुस्तकात कुणी शिकवलं नव्हतं. मग करायचं काय? ती बाई सुखरूप आहे की नाही हे कळल्याशिवाय मी गाव सोडणार नव्हते, आणि कळून घ्यायला गेले तर तिलाच गोत्यात आणणार होते. शेवंताताई उठून बाहेर गेली, आणि एका ठेंगण्या, गोऱ्या बाईला घेऊन आली. डोक्यावर बांगड्यांची दुरडी. ही जुलेखाभाभी. तिच्या घरात सासूपासून, आजेसासूपासून बांगड्या भरायचा धंदा. गावातल्या प्रत्येक घरात, मग ते कुणाचंही असो, तिला पाट मिळतो. संक्रांतीच्या तोंडावर तर कुठलीही सासू तिला नको म्हणत नाही.

शेवंताताईनं तिला थोडक्यात सांगितलं. मी म्हटलं, "भाभी, बोट मोडलेली बाई कोण ते तुम्हाला ठाऊक असेल."

जुलेखाभाभीनं दुरडी खाली ठेवली. "कुनाकुनाचं सांगू? या गावातल्या म्हशी लई वढ्याळ हायती, बाई."

मला आधी समजलं नाही. ती शांतपणे सांगत गेली. बांगडी भरायची तर हात हातात घेऊन दाबावा लागतो, बोटं एकत्र आवळावी लागतात. कुणाचं बोट वाकडं आहे, कुणाचं मनगट दाबलं की डोळ्यांत पाणी येतं, कुणाच्या बांगड्या कामानं फुटल्या आणि कुणाच्या पिरगाळल्यामुळं, हे तिला विचारावं लागत नाही. आणि कारण विचारलं तर सगळ्या जणी एकच सांगतात. म्हशीनं दावं ओढलं.

"चला माझ्यासंगं," ती म्हणाली. "पदर घ्या डोक्यावरनं, पार कपाळाखाली. तोंड उघडू नगा. माझी पावनी म्हणून सांगतो."

घराघरांतून

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी इतकं गप्प कधी बसले नव्हते. दुसरी दुरडी माझ्या हातात होती आणि ती पडेल म्हणून मी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. सोप्यात पाट मांडायचा, सासू रंग निवडायची, सून पुढं हात करायची. भाभी हात दाबता दाबता, बांगड्यांच्या आवाजात, ओठ न हलवल्यासारखं विचारायची, "काल बरं हाय न्हवं समदं?"

पहिल्या घरातली सून विशीची. करंगळी वाकडी. ती बांगड्यांकडंच बघत म्हणाली, "इचारलं मला. तूच लिवलीस काय म्हणून. पोराच्या डोक्यावर हात ठिवून शपथ घेटली, तवा सोडलं." मला वाटलं, हीच ती. मी भाभीकडं बघितलं. भाभीनं मान हलवली, चला पुढं.

दुसऱ्या घरात एकच मूल होतं, बोट मात्र खरंच मोडलेलं. "ताटावर बसून इचारलं त्येंनी. जेवलं न्हाईत. उठून गेलं." तिला हे सांगताना हसू आलं होतं, पण हात ती सारखा मागं ओढत होती आणि भाभीला दोन बांगड्या परत काढाव्या लागल्या.

तिसऱ्या घरात सुनेला माहेरी पाठवलं होतं, तर सासूनंच हात पुढं केला. साठीची, विधवा. त्या भागात विधवाही काचेच्या दोन बांगड्या घालतात. आमच्याकडं अजून बऱ्याच घरांत घालू देत नाहीत, ते मला त्या गडबडीतही जाणवलं. तिचं मधलं बोट वाकडं होतं. भाभीनं विचारायच्या आधीच ती म्हणाली, "माझा गेला म्हणून बरं. न्हाईतर त्यानं बी इचारलं असतं मला."

चिठ्ठी एकीनं लिहिली होती आणि घरोघरी विचारणा झाली होती. प्रत्येक नवऱ्याला वाटलं होतं, हे आपल्याच घरातलं. मी एका बाईला शोधायला निघाले होते, आणि आता कुठं थांबायचं ते मला कळेना. जिनं लिहिली ती यातली कोण, की यातली कुणीच नव्हे, हे मला आजही माहीत नाही. ते कळून घ्यायचा हक्क मी कर्ण्यापुढं उभी राहिले तेव्हाच गमावला, असं मला वाटतं.

चौथं घर गावाच्या खालच्या अंगाला. दारात दोन म्हशी. सोप्यात सासू शेंगा फोडत बसलेली. आतून जी बाई आली तिला मी इथं गंगू म्हणते. तिशीची असेल. पाटावर बसली आणि उजवा हात पुढं केला.

"डाव्यात नगं भाभी. ह्यातच भर समद्या."

डावा हात पदराखाली होता. भाभीनं काही न बोलता पदर बाजूला केला. मनगट सुजून बोटांपर्यंत काळंनिळं झालं होतं. काचेनं कापलेल्या दोन जागा ताज्या होत्या. सासू शेंगा फोडायची थांबली, मग पुन्हा फोडायला लागली.

"कवा?" भाभीनं विचारलं.

"काल. पारावर चार जणांनी चिडीवलं. काय रं, तुझ्या बी म्हशीनं वढलंतं न्हवं गेल्या साली, म्हणून. तितनं घरला आला त्यो हातात दावं घिऊनच." तिचा आवाज साधा होता. "म्या न्हाई लिवली. मला लिवाय येतंय कुठं?"

मला गप्प बसायला सांगितलं होतं. पण मी डोक्यावरचा पदर मागं घेतला. म्हटलं, "बाई, ती चिठ्ठी मी वाचली कर्ण्यावरनं. माझ्यामुळं झालं हे. मला तेवढी अक्कल हवी होती."

तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नव्हे, नीट बघितलं. "व्हय. आवाज वळीकला मी, बोललासा तवाच." मग म्हणाली, "काल म्हनत हुतासा, हे लिवून द्यायचं आसतंय. कुठं द्यायचं?"

आणि इथं मी घाबरले. काल माईकवर वीस मिनिटं घडाघडा बोललेली मी, आता तिला एकेक अडचण सांगायला लागले. तक्रार दिली तर पोलीस येतील. कदाचित त्याला धरून नेतील. सुटून आला की जास्त चिडेल. तोवर तू राहणार कुठं, पोरं कुठं, माहेरी कोण आहे, गाव काय म्हणेल, कोर्टात किती वर्षं जातील. हे सगळं खरं होतं. पण ते मी तिच्यासाठी सांगत होते की आणखी एक बाई माझ्यामुळं अडचणीत येऊ नये म्हणून स्वतःसाठी, हे मला तेव्हाही नक्की सांगता आलं नसतं. तिचा नवरा ऊसतोडीवर गेला होता, दिवस मावळायला परत येणार होता, आणि मी दर मिनिटाला दाराकडं बघत होते.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काल न लिवता मार खाल्ला की मी. मग लिवायला काय झालं? घ्या की कागद."

सासू शेंगांकडंच बघत होती. तिच्यासमोर बोलायचं का, असं मी डोळ्यांनी विचारलं. गंगूनं तिकडं लक्षच दिलं नाही. तिनं आपलं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, मग नवऱ्याचं. त्या भागात बाई नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही. उखाण्यात घेतलं तर घेते. ती एकदा अडखळली आणि मग ते पूर्ण, आडनावासकट बोलली. मी लिहीत गेले. माझं अक्षर इतकं वाकडं आलं की नंतर ठाण्यात मलाच ते वाचताना त्रास झाला. शेवटी तिनं अंगठा दिला, उजव्या हाताचा, आणि तो पदराला न पुसता तसाच राहू दिला.

चारची एस्टी होती. आधी गडहिंग्लजच्या सरकारी दवाखान्यात हात दाखवायचा, तिथं खरं सांगायचं, मग ठाणं. शेवंताताईला निरोप द्यायला भाभी पुढं गेली. गंगूनं चुलीवरचं दूध उतरवलं, म्हशींना वैरण टाकली आणि सासूपाशी उभी राहिली.

"आत्ती, पोरं साळंतनं आली की भाकरी द्या. मी गडहिंग्लजला जाऊन येतो."

म्हातारीनं मान वर केली नाही. एवढंच म्हणाली, "हाताला कायतरी बांधून जा."

आम्ही दारात आलो. समोरची वाट सरळ चौकातनं जात होती. पारावर माणसं बसलेली इथनंच दिसत होती, काल ज्यांनी चिडवलं तीच असावीत. घराच्या मागून, उसाच्या कडेनं एक पायवाट होती. मी तिचा दंड धरून हळूच म्हटलं, मागनं जाऊ, कुणी बघणार नाही.

"एस्टी फुडच्या वाटंलाच थांबती की, बाई," ती म्हणाली. मग तिनं सुजलेल्या हातावरचा पदर काढून खांद्यावर घेतला आणि चौकाकडं चालायला लागली.